बेघर माजी सैनिकांची हेल्पलाइन: एक फोन आणि त्यानंतरचे सात महिने

ज्या नंबरबद्दल लिहितेय तो आधी देते: ८७७-४२४-३८३८. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची, इथे सगळे ज्याला व्हीए म्हणतात त्या खात्याची, बेघर माजी सैनिकांसाठीची ही हेल्पलाइन. चोवीस तास चालू, सातही दिवस, फोन फुकट. सैनिक स्वतः फोन करू शकतो, त्याच्या घरचे करू शकतात आणि माझ्यासारखी परकी बाईसुद्धा करू शकते. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. त्यात सहा आठवडे वाया गेले, म्हणून हे लिहायला बसले.

मी सॅन दिएगोजवळच्या एका छोट्या शहरात लायब्ररीच्या काउंटरवर काम करते. हा सगळा पट्टाच नौदलाचा. बंदरात करड्या युद्धनौका उभ्या असतात आणि दर दोन-चार घरांआड कुणीतरी नेव्हीतलं निघतं. २०२४च्या सप्टेंबरपासून एक गृहस्थ रोज सकाळी दार उघडलं की आत यायचे. साठीच्या जवळ आलेले, दाढी वाढलेली, पण शर्ट कायम खोचलेला. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे, इथेही तेच म्हणते. पाठ भिंतीला लागेल अशी खिडकीजवळची एक खुर्ची त्यांनी धरली होती. एके दिवशी त्यांनी पायाशी ठेवलेल्या कॅनव्हासच्या पिशवीतून ब्लँकेट काढलं आणि नव्याने घडी घातली. काठाला काठ लावला, कड दोन बोटांनी दाबत नेली, मग तीन घड्या, मग तळहाताने हवा काढली. मी पुस्तकं लावायची थांबले. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी ते शेवटपर्यंत अंथरुणाची घडी अशीच घालायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मी जवळ जाऊन विचारलं, "तुम्ही फौजेत होतात का?"

"नेव्ही," ते म्हणाले. "एक्क्याण्णवला आखातात होतो."

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, मागच्या अभ्यासिकेत दार लावून, स्पीकर चालू करून आम्ही दोघांनी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न कागदपत्रांचा विचारला नाही. "आज रात्री तुम्ही कुठे झोपणार आहात?" असं विचारलं. काका बराच वेळ गप्प होते. त्याही गप्प राहिल्या, घाई केली नाही. मग कोणत्या दलात होतात, तब्येत कशी आहे, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, आता नेमके कुठे आहात, असं एकेक विचारत गेल्या. पस्तीस मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी व्हीएच्या जवळच्या केंद्रातून एक कार्यकर्ती लायब्ररीतच येऊन काकांना भेटली. सरकारी कामाची मला सवय आहे, दोन्ही देशांतली, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

आता घर कसं मिळतं ते. मुख्य योजनेला हड-व्हॅश म्हणतात. गृहनिर्माण खातं भाड्याचं व्हाउचर देतं आणि व्हीए एक केस मॅनेजर देते. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, उरलेलं व्हाउचरमधून जातं. आधी दारू सोड, आधी औषधं सुरू कर, मग घर, अशी अट नाही. आधी घर, बाकीचं त्या घरात राहून. काका संध्याकाळी पितात. काही सकाळी मला वास यायचा. घरासाठी ती अट असती तर ते आजही खिडकीजवळच्या खुर्चीत असते, याबद्दल मला शंका नाही. मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटला तो केस मॅनेजर. व्हाउचर म्हणजे कागद. डॉक्टरकडे कोण नेणार, घरमालकाशी कोण बोलणार, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

या मार्गाने खरोखर फरक पडलाय. जानेवारीतल्या एका रात्री देशभर बेघरांची मोजणी होते. २०१० साली त्यात ७४ हजारांच्या आसपास माजी सैनिक सापडले होते, २०२४ला ३२,८८२. निम्म्याहून कमी. इतर बेघरांची संख्या वाढत असताना यांची उतरली, कारण यांच्यासाठी घर आणि माणूस दोन्हींचे पैसे दिले गेले.

कागदांचं मात्र लिहायलाच हवं. फौजेतल्या नोकरीचा पुरावा म्हणजे डीडी-२१४ नावाचा डिस्चार्जचा कागद. वडिलांचं डिस्चार्ज बुक आमच्याकडे काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेलं असायचं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. आई दर दिवाळीला ती ट्रंक पुसायची. काकांचा डीडी-२१४ एका बंद होणाऱ्या पिशवीत होता, पण पावसाचं पाणी आत गेलेलं. चार घड्यांचा कागद चिकटून गोळा झाला होता आणि उलगडायला गेलो तर अक्षरं दुसऱ्या बाजूला उमटून आली. ते म्हणाले, "हे गेलं म्हणजे मी कधी तिथे होतो की नाही, तेही गेलं." नवी प्रत सेंट लुईसच्या अभिलेखागारातून मिळते. बेघर माणसासाठी मागताय हे अर्जात स्पष्ट लिहा, तो अर्ज लवकर हाताळतात. आणि कागद नाही म्हणून फोन करायचं थांबू नका. सेवेची खातरजमा व्हीए स्वतःच्या यंत्रणेतूनही करते. डिस्चार्ज सन्मानपूर्वक नव्हता म्हणून गप्प बसणारे खूप आहेत. त्यांनीही विचारावं, त्यांतल्या बऱ्याच जणांना आता हड-व्हॅश खुलं आहे. अपंगत्वाची भरपाई उत्पन्नात धरल्यामुळे काही जखमी सैनिक योजनेच्या बाहेर राहायचे. तो नियमही ऑगस्ट २०२४मध्ये बदलला. पूर्वी नकार मिळालेल्यांनी पुन्हा अर्ज करावा.

सात महिन्यांतले वाईट दिवस दोन ठिकाणी आले. पहिल्या आठवड्यात रात्रीपुरती जागा मिळाली त्या निवाऱ्यात त्यांना वरचा पलंग दिला. गुडघा वाकत नाही, हे सांगूनही. तीन रात्रींत ते परत रस्त्यावर आले आणि चार दिवस लायब्ररीत फिरकले नाहीत. मी रोज दहा वाजता दाराकडे बघायचे. दुसरं म्हणजे घरमालक. व्हाउचर हातात पडल्यावर घर शोधायला मुदत असते. आम्ही अकरा ठिकाणी फोन केले. व्हाउचर आहे एवढ्यावरून नाकारणं कॅलिफोर्नियात २०२० पासून बेकायदा आहे, त्यामुळे नाही कुणीच म्हटलं नाही. "जागा आत्ताच गेली" म्हणाले किंवा उलट फोनच केला नाही. त्यातल्या एका जागेची जाहिरात पुढे महिनाभर तशीच लागलेली होती. हा राग माझा अजून गेलेला नाही. अखेर केस मॅनेजरच्या ओळखीतून एक वयस्क मालकीणबाई मिळाल्या.

जुन्या दंडांचंही एक ओझं होतं. रस्त्यात झोपले म्हणून, तिकिटाविना ट्रॉलीत, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेत, बसले म्हणून. दंड थकला की वाढत जातो. यासाठी सॅन दिएगोत बेघरांचं न्यायालय आहे. त्याचं मूळ 'स्टँड डाउन'मध्ये. लढून थकलेल्या तुकडीला आघाडीवरून मागे सुरक्षित जागी आणायचं, त्याला फौजेत स्टँड डाउन म्हणतात. व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांनी १९८८ साली इथे त्याच नावाने बेघर सोबत्यांसाठी तीन दिवसांची छावणी भरवली. अंघोळ, जेवण, दाढी-कटिंग, दातांचा डॉक्टर, वकील, सगळं एका मैदानात. पुढच्याच वर्षी तिथे न्यायाधीश येऊन बसले. दंडाच्या पैशांऐवजी माणसाने उपचारासाठी, कामासाठी काय केलं ते तिथे धरलं जातं. काकांचे चार खटले एका सकाळी मिटले.

मे २०२५मध्ये किल्ली मिळाली. घर मिळतं ते रिकामं, हे कुणी आधी सांगत नाही. भाडं आहे, पण चहा करायला भांडं नाही. मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि दोन दिवसांत माझ्या गॅरेजमध्ये पातेली, कालथे, गाद्या, मायक्रोवेव्ह, एवढंच काय, पोळपाट-लाटणंसुद्धा जमलं. काकांनी एकच गोष्ट मागितली: बाथरूमचा पडदा. "इतकी वर्षं अंघोळ केली की कुणीतरी बाहेर उभं असायचं," म्हणाले. पडदा मी निळा आणला.

सेवेला गुण द्यायचे तर फोनवरच्या माणसांना पाचपैकी पाच, केस मॅनेजरला पाच. वाट बघायला लावणाऱ्या काळासाठी दोन. त्या काळात सांभाळायला कुणी नसेल तर माणूस मधेच गळतो, त्या चार दिवसांत काकाही गळालेच होते.

तुम्ही कुणासाठी फोन करणार असाल तर एवढं करा. त्यांना शेजारी बसवा, त्यांच्या वतीने बोलू नका, स्पीकर चालू ठेवा. हाताशी पाणी आणि पेन ठेवा. बोलणाऱ्याचं नाव, पुढची तारीख आणि कुणाचा फोन येणार ते लिहून घ्या, एक प्रत तुमच्याकडे ठेवा. त्यांचा मोबाइल चार्ज होतोय ना, हे रोज बघा. केंद्राचा उलटा फोन आला आणि बॅटरी संपलेली असली तर सगळं परत पहिल्यापासून. आमच्या काउंटरखाली आता त्यासाठी एक चार्जर कायमचा लावलेला आहे.