एमएफके१ कप्पाब्रिज: ग्रॅनाइटच्या अभ्यासकासाठी कितपत उपयोगी?

गुजरातमधील गोध्रा ग्रॅनाइटचे काही तुकडे हातात घेतले, तर काळ्या अभ्रकाचे ठिपके सर्वत्र सारखेच विखुरलेले दिसतात आणि सुमारे ९५ कोटी वर्षांपूर्वी हा शिलारस कोणत्या दिशेने ताणला जात थिजला, याचा डोळ्यांना थांग लागत नाही. तो घेण्यासाठी चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो येथील एजिको कंपनीचे ‘एमएफके१ कप्पाब्रिज’ हे यंत्र मी वापरले आणि त्याच्या मोजणीवर माझा पूर्ण विश्वास बसला.

दिशेची नोंद केलेल्या खडकातून २५.४ मिमी व्यासाचा, सुमारे २२ मिमी उंचीचा दंडगोल कापायचा आणि त्याच्या माथ्यावरचा बाण धारकाच्या खुणेशी जुळवून बसवायचा. मग तो क्षीण चुंबकीय क्षेत्रात सावकाश फिरू लागतो. परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन स्थितींत तो हाताने बसवला, की काही मिनिटांतच चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात खडक किती चुंबकित होतो ते, कोणत्या दिशेला सर्वाधिक व कोणत्या दिशेला सर्वांत कमी आहे, हे पडद्यावर उमटते. क्वॉर्ट्‌झ आणि फेल्स्पार या मोजणीत जवळजवळ गप्पच असतात. मॅग्नेटाइट हे तीव्र चुंबकीय लोहखनिज फारसे नसेल तर बोलते ते कृष्णाभ्रक, कारण त्याच्या पापुद्र्यांना लंब असलेल्या दिशेत ग्रहणशीलता सर्वांत कमी असते. अशा ग्रॅनाइटमध्ये हा फरक अनेकदा काही टक्क्यांचाच असतो. एका एसआय एककाच्या दहा कोटी भागांपैकी दोन भागांइतका बदल टिपणारे यंत्र इथे खरोखरच लागते.

गोध्र्यातील प्रकाशित अभ्यासात खनिजकणांची ही लपलेली ठेवण अरवली पट्ट्याच्या प्रादेशिक रचनेशी जुळलेली आढळली. म्हणजे भूकवचाचे विरूपण चालू असतानाच शिलारस त्यात शिरला.

माझी पहिली खेप मात्र यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच वाया गेली. एका कार्यशाळेत दगड कापताना पाण्याने बाण पुसले गेले, आणि दिशा हरवलेला दंडगोल कितीही अचूक मोजला तरी निरुपयोगीच. आता मी खूण हिऱ्याच्या टोकाने कोरतो आणि पात्याची लोहधूळ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढतो.

यंत्र सर्वाधिक व सर्वांत कमी ग्रहणशीलतेचे अक्ष दाखवते. शिलारसाचा प्रवाह अक्षाच्या कोणत्या टोकाकडून आला, किंवा तो अक्ष कोणत्या खनिजामुळे मिळाला, हे सांगत नाही. मॅग्नेटाइटचे कण अतिसूक्ष्म असतील तर या दोन अक्षांची अदलाबदल होऊ शकते आणि सगळा अन्वयार्थच उलटा पडतो. त्यासाठी यंत्राला सीएस-४ या नमुना तापवणाऱ्या भट्टीची जोड अत्यावश्यक आहे: नमुना तापवताना ५८० अंश सेल्सिअसजवळ ग्रहणशीलता एकदम कोसळली, तर मॅग्नेटाइट असल्याचे कळते आणि कणांच्या आकारमानाची वेगळी चाचणी करून घेता येते. म्हणून केवळ कप्पाब्रिज असलेल्या प्रयोगशाळेपेक्षा, थोडे थांबावे लागले तरी, भट्टीही असलेल्या प्रयोगशाळेतच नमुने द्यावेत.