प्रिंट व्हाया पुणे: व्हर्च्युअल वायफाय कंट्रोलरचे नऊ महिने

पुण्याच्या मुख्य ऑफिसात ईएसएक्सआयवर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सिस्कोचा कॅटॅलिस्ट ९८००-सीएल हा व्हर्च्युअल वायफाय कंट्रोलर चढवून नऊ महिने झाले. नाशिक-कोल्हापूरच्या शाखा धरून आमचे साठेक एपी (वायफाय पुरवणारे अ‍ॅक्सेस पॉइंट), ते सगळे हाच सांभाळतो. त्याच्या छोट्या साच्यातही (४ व्हर्च्युअल प्रोसेसर, ८ जीबी रॅम) १,००० एपींची सोय आहे, त्यामुळे क्षमतेची काळजी नव्हतीच. डोकेदुखी झाली ती एपींच्या मोडची, म्हणजे डेटा कुठून न्यायचा त्या पद्धतीची, आणि ती आम्हीच ओढवून घेतली.

सुरुवातीला आळस केला आणि सगळीकडे लोकल मोड ठेवला. नाव फसवं आहे. लोकल मोडमध्ये वायफायचा सगळा डेटा कॅपवॅपच्या (एपी आणि कंट्रोलरमधला प्रोटोकॉल) बोगद्यातून (यूडीपी पोर्ट ५२४७) कंट्रोलरपर्यंत जातो. म्हणजे कोल्हापुरातल्या लॅपटॉपने शेजारच्या प्रिंटरला दिलेली प्रिंट आधी पुण्याला यायची, मग परत कोल्हापूरला. दुपारी लाइन भरली की अकाउंट्सच्या मॅडमचा फोन ठरलेला: "अहो, वायफाय परत गेलं!" गेलेलं काहीच नसायचं, रेंज फुल्ल.

तिसऱ्या महिन्यात शाखा फ्लेक्सकनेक्टवर नेल्या; या मोडमध्ये एपी डेटा तिथल्या तिथेच स्थानिक नेटवर्कवर सोडू शकतो (लोकल स्विचिंग). कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये साइट टॅगमधली 'एनेबल लोकल साइट'ची टिक काढायची आणि पॉलिसी प्रोफाइलमध्ये सेंट्रल स्विचिंग (डेटा कंट्रोलरकडे नेणं) बंद करायचं, बस. पण नाशिकला एपीचे स्विच-पोर्ट ट्रंक करायला (एकाच तारेवरून अनेक व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे वेगळे कप्पे, न्यायला) विसरलो नि अर्धा दिवस कुणाला आयपीच मिळेना. टॅग बदलला की एपी कंट्रोलरला नव्याने जोडला जातो, तेव्हा हे काम रात्रीच करा.

प्रिंटची तक्रार संपली. मग पावसाळ्यात लाइन तुटली. आधीपासून जोडलेले लोक निवांत काम करत होते, उशिरा आलेल्यांना मात्र वायफाय मिळेना, कारण ८०२.१एक्सची (प्रत्येकाच्या स्वतंत्र लॉगिनची) पडताळणी पुण्यातच. साधा पीएसकेवाला (सगळ्यांना एकच पासवर्ड असलेला) एसएसआयडी, म्हणजे वायफायचं नाव, चालू होता. आता कोल्हापुरात ही पडताळणी करणारा एक छोटा रेडियस सर्व्हर ठेवलाय. कंट्रोलरशी संपर्क तुटला की एपी त्यालाच विचारतात.

पुणं अजून लोकल मोडवरच आहे. कंट्रोलर त्याच इमारतीत, लोक लॅपटॉप घेऊन मजले बदलणारे, आणि वायफायचे व्हीलॅन प्रत्येक स्विचवर ओढावे लागत नाहीत. ईएसएक्सआयमध्ये कंट्रोलरच्या पोर्ट ग्रुपवर (व्हर्च्युअल स्विचच्या पोर्टचा गट) प्रॉमिस्क्युअस मोड आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स या दोन सेटिंग तेवढ्या चालू हव्यात.

आता वरून कंट्रोलर एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) न्यायची टूम निघालीय. तिथे फ्लेक्सकनेक्ट आणि लोकल स्विचिंगच चालतं, म्हणजे पुण्यातल्या सगळ्या स्विचांवर व्हीलॅन ओढणं आलंच. साहेबांना म्हटलंय, दिवाळीनंतर बघू.