१५०-६०० मिमी झूम लेन्स : शिकारी पक्ष्यांच्या मागे चौदा महिने

सेवा केंद्राने माझी लेन्स ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून दुसऱ्यांदा परत पाठवली, त्याच दिवशी हा अनुभव लिहायचा असे मी ठरवले होते, आणि तेव्हा लिहिला असता तर तो फार कडवट झाला असता. त्याला आता पाच महिने झाले. या काळात माझे एक मत पुरते बदलले आणि दुसरे अधिकच पक्के झाले. ६०० मिमीला एफ/६.३ (लेन्सच्या छिद्राचे माप), दोन किलोच्या आसपास वजन वगैरे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा आहे, एवढेच सांगून पुढे जाते.

ही लेन्स मी घेतली ती देखण्या छायाचित्रांसाठी नव्हे, तर ओळख पटवण्यासाठी. शिकारी पक्षी डोक्यावरून जातो तो बहुधा दहा-पंधरा सेकंदांपुरता, आणि तेवढ्यात रंग पाहून केलेली ओळख वारंवार चुकते, कारण उजळ आभाळासमोर त्याचा पोटाकडचा भाग सावलीत असतो आणि पिसारा वयाप्रमाणे व नर-मादीप्रमाणे बदलतो. मोहोळ घारीत तर गडद तपकिरीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत इतकी रूपे आढळतात की तिच्या बाबतीत रंगावर विसंबताच येत नाही. म्हणून मी पंखांच्या टोकांची बोटे मोजते. बोटे म्हणजे टोकाशी एकमेकांपासून सुटी दिसणारी प्राथमिक पिसे. शिक्रा आणि बेसरा या दिसायला सारख्या, लहान शिकारी पक्ष्यांची बोटे पाच असतात, त्यांच्यासारख्याच युरेशियन स्पॅरोहॉकची सहा. मोहोळ घारीची सहा, तर तिच्या युरोपातल्या भाईबंदाची पाच. हॅरियर या लांब पंखांच्या शिकारी पक्ष्यांपैकी माँटेग्यू आणि पॅलिड हॅरियर यांची चार, हेन हॅरियरची पाच. २०२४ मध्ये एका जागतिक पक्षिसूचीने शिक्रा आणि बेसरा यांना अ‍ॅक्सिपिटर या वंशातून काढून टॅकिस्पायझा या वंशात घातले, स्पॅरोहॉक मात्र जुन्याच वंशात राहिला. हे वाचले तेव्हा आपण मोजत असलेल्या त्या एका पिसाबद्दलचा माझा आदर वाढला.

तेव्हा या लेन्सची माझी परीक्षा एकच आहे : बोटे मोजता येतात की नाही. हिशेब सोपा आहे. शिक्र्याच्या पंखांचा पसारा ५५ सेंटिमीटर धरला, तर १०० मीटरवरून ६०० मिमीला तो माझ्या कॅमेऱ्यावर सुमारे ८४० पिक्सेल व्यापतो आणि ३०० मीटरवरून २८०. दोन बोटांमधली सेंटिमीटरभराची फट ३०० मीटरवर पाचएक पिक्सेलांची उरते. म्हणजे कागदावर तरी मोजणी शक्य आहे.

प्रत्यक्षात पहिल्या काही महिन्यांत दुपारी काढलेल्या शेकडो चौकटींमध्ये पंखांची टोके पुसल्यासारखी दिसत होती. शटरचा वेग १/२५०० सेकंद ठेवूनही फरक पडेना. लेन्स ६०० मिमीला मऊ आहे, म्हणजे चित्र रेखीव देत नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि ती तपासणीला पाठवली. तीन आठवड्यांनी ती जशीच्या तशी परत आली. मी नमुना छायाचित्रे जोडून पुन्हा पाठवली, दूरध्वनीवर आवाजही चढवला, पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मॅडम, आमच्या तक्त्यावर लेन्स बरोबर येते आहे.” मला ती टाळाटाळ वाटली.

त्यांचे म्हणणे खोटे पाडण्यासाठी मी ट्रायपॉड लावून २५० मीटरवरच्या एका लोखंडी मनोऱ्याची छायाचित्रे सकाळी सात वाजता आणि दुपारी बारा वाजता काढली. सकाळच्या छायाचित्रात मनोऱ्याचा प्रत्येक खिळा वेगळा दिसला. दुपारच्या छायाचित्रांत त्याच मनोऱ्याच्या सरळ कडा नागमोडी झाल्या होत्या, आणि लागोपाठच्या दोन चौकटींतली नागमोड वेगवेगळी होती. दोष लेन्सचा असता तर तो प्रत्येक चौकटीत सारखाच दिसला असता. तो तापलेल्या हवेचा होता. सेवा केंद्राचे बरोबर होते, आणि माझी तक्रार मी इथे पूर्णपणे मागे घेत आहे.

खरी अडचण अशी की ज्या उष्णतेने हवा थरथरते तिच्याच जोरावर हे पक्षी उंच चढतात. जमीन तापली, गरम हवेचे झोत वर निघाले, की घारी आणि गरुड पंख न हलवता घिरट्या घेऊ लागतात. म्हणजे पक्षी भरपूर दिसण्याची वेळ आणि चित्र बिघडण्याची वेळ एकच. त्यावर मी शोधलेले उपाय साधे आहेत. क्षितिजालगत उडणाऱ्या पक्ष्यावर मी आता चौकटी खर्च करत नाही. तो निदान ४५ अंश वर येईपर्यंत थांबते, कारण तिथे नजरेच्या वाटेत जमिनीलगतची तापलेली हवा फार थोडी येते. गाडीच्या थंड हवेतून काढलेली लेन्स लगेच वापरत नाही, कारण तिच्या हुडमध्येच, म्हणजे पुढच्या नळकांड्यातच, गरम आणि थंड हवा मिसळून थरथर होते. आणि एकदम वीस-पंचवीस चौकटी घेते, कारण हवा क्षणभर निवळते तेव्हा त्यांतल्या दोन-तीन स्वच्छ निघतात. मोजणी दोन्ही पंखांवर करावी लागते. पीस झडून नवे अर्धवट वाढलेले असेल तर एका पंखावर सहाची पाच बोटे दिसू शकतात.

आता ज्या गोष्टीबद्दल माझे मत पक्के झाले ती सांगते. फोकसच्या अंतराची मर्यादा ठरवणारी तीन टप्प्यांची कळ लेन्सच्या डाव्या अंगाला नेमकी तिथे बसवली आहे जिथे दोन किलोचा भार पेलताना डाव्या हाताचा अंगठा टेकतो. कळ मऊ आहे. पिशवीतून काढताना, पट्टा खांद्यावर घेताना ती आपोआप सरकते, आणि ‘१० मीटरच्या आत’ या टप्प्यावर गेली की आभाळातला पक्षी फोकसमध्ये येणे अशक्य होते. मोटर नुसती पुढे-मागे फिरत राहते. मोहोळ घारीचा एक फिकट रंगाचा नर माझ्यापासून तीसेक मीटरवरून, पाठीमागून आलेल्या सकाळच्या उन्हात, अगदी संथपणे गेला. त्याचा गडद डोळा मला व्ह्यूफाइंडरमध्ये धूसरसा दिसत होता. अकरा चौकटी काढल्या आणि अकराही वाया गेल्या. त्यानंतर कित्येक दिवस मला दुसरे काही सुचत नव्हते. सेवा केंद्राला लिहिले तर ‘हा रचनेचा भाग आहे’ असे उत्तर आले, आणि हे उत्तर मला आजही मान्य नाही. ज्या वस्तूचा मुख्य उपयोग हातात धरून उडते पक्षी टिपणे हा आहे, तिच्यावरची कळ धरण्याच्या जागी असू नये, आणि असलीच तर तिला खटका हवा.

मी कळ ‘१० मीटर ते अनंत’ या टप्प्यावर ठेवून तिच्यावर काळी कापडी चिकटपट्टी लावली. या टप्प्यावर फोकस लवकर लागतो, आणि उडत्या पक्ष्यांसाठी मला हाच टप्पा योग्य वाटतो.

बाकीचे थोडक्यात. झूम खाली घसरू नये म्हणून दिलेली कळ उत्तम चालते. १/२००० च्या वर शटर असेल तेव्हा मी कंप रोखणारी यंत्रणा बंद ठेवते. तिच्याविना चित्रे बिघडलेली मला आढळली नाहीत. आभाळासमोरच्या पक्ष्यासाठी एक्सपोजर +१.३ (नेहमीपेक्षा उजळ) ठेवून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, टिपले तर पंखांखालचे पट्टे वर काढता येतात. वजनाची सवय दोन महिन्यांत होते. याहून कितीतरी पट महाग, एकाच फोकल लांबीची, म्हणजे झूम नसलेली लेन्स घ्यावी का, हा विचार मनोऱ्याच्या परीक्षेनंतर मी सोडून दिला, कारण दुपारची हवा तिच्यासमोरही तशीच थरथरणार आणि माझ्या बहुतेक अनिश्चित नोंदी दुपारच्याच आहेत. ते पैसे वाचले याचे मला मनापासून समाधान आहे.

मोजणीची सवय लागल्यावर मी जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या. तिसऱ्या महिन्यातल्या एका सकाळच्या संचावर मी ‘शिक्रा’ असे लिहून ठेवले होते. बावीसपैकी चार चौकटी स्वच्छ आहेत, आणि चारहींत दोन्ही पंखांवर सहा बोटे सरळ मोजता येतात. तो स्पॅरोहॉक होता, आणि ती नोंद मी दुरुस्त केली. ज्या लेन्सला मी मऊ म्हणत होते तिनेच हे सहावे बोट टिपून ठेवले होते.

मात्र चिकटपट्टीची किंमतही मी मोजली आहे. गेल्या महिन्यात पाच बोटांचा एक पक्षी घिरटी संपवून माझ्यासमोर सात मीटरवरच्या फांदीवर येऊन बसला. शिक्रा की बेसरा हे बोटांवरून ठरत नाही, ते गळ्यावरच्या उभ्या रेघेवरून बऱ्यापैकी ठरते : बेसऱ्याची रेघ जाड आणि ठसठशीत, शिक्र्याची बारीक आणि पुसट. गळा माझ्याकडेच होता. लेन्स १० मीटरच्या आत यायला तयार नव्हती, आणि मी नखाने पट्टी खरवडून कळ मोकळी करेपर्यंत फांदी रिकामी झाली होती. माझ्या नोंदवहीत तो पक्षी ‘शिक्रा किंवा बेसरा’ असाच राहिला आहे.