जुन्या स्विफ्टचे स्पीकर बदलले: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आमची स्विफ्ट 2008 ची, 1.3 पेट्रोल. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला, पाच वर्षं वाढवून मिळाली. गाडी ठेवायचीच म्हटल्यावर तिच्यावर चार पैसे घालायला हात धजावला. पुढच्या दोन दारांतले स्पीकर पाडव्याला बदलून घेतले. एप्रिलचं ऊन, आपल्या कोल्हापूरचा पावसाळा आणि दिवाळीतला प्रवास असं सगळं काढून झाल्यावर लिहितोय. आधीच सांगतो, स्पीकर चांगलेच आहेत, पण पैसे खरे वसूल झाले ते दाराचा पत्रा बुजवण्यात घातलेले.

जुने स्पीकर काढले तेव्हा त्यांचा कागदी कोन ओल खाऊन मऊ पडला होता आणि कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन सांडला. मग आवाज वाढवला की गाणं फरफरायचं यात नवल ते काय! डेक ब्लूटूथवाला, दोन वर्षांपूर्वीच घेतलेला, त्याला हात लावला नाही.

गाडीत गाणं ऐकणारे मुख्य श्रोते आमचे आबा. 1883 साली सुरू झालेल्या आपल्या देवल क्लबात समोर बसून मैफली ऐकलेला माणूस. गाडीत मल्लिकार्जुन मन्सूरांचं ध्वनिमुद्रण लावलं की ते खिडकीबाहेर बघत विचारायचे, "तंबोरा बंद केलाय काय रं?" तंबोरा होता, पण इंजिनाच्या आणि टायरच्या आवाजात तो पार बुडायचा. म्हणून निवडीची कसोटी ठरली ती गळा आणि तंबोरा. धडधड नको होती.

दुकानात हे पटवणं अवघड. पहिल्याच ठिकाणी पोरगा म्हणाला, "काका, निस्ता डॉल्बी करून देतो, काचा हलल्या पाहिजेत." खोक्यावर मोठ्या अक्षरात 300 वॉट. खोकं उलटं केलं तर मागे बारीक अक्षरात नॉमिनल, म्हणजे सलग पेलवणारी ताकद, 40 वॉट. हा दुसरा आकडाच कामाचा. इंजिन चालू असताना गाडीत 14 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तेवढ्यात 4 ओहमच्या स्पीकरला साधा डेक सलग 15 ते 20 वॉटच देऊ शकतो. डेकवर छापलेलं '4 × 50' म्हणजे क्षणभराचं शिखर. तेव्हा वेगळा अँप्लिफायर लावणार नसाल तर 300 च्या मागे लागू नका, सेन्सिटिव्हिटी बघा. एक वॉटला एक मीटरवर किती डेसिबल, तो आकडा. त्यात 3 डेसिबल जास्त असले तर तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत निघतो. मी 90 च्या वरचे, रबरी कडेचे साडेसहा इंची बघत गेलो. फोमची कड परत घ्यायचीच नव्हती.

कोअॅक्सियल (ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, मोठ्याच्या मध्येच बसवलेला) की कम्पोनंट (दोन्ही सुटे), यात मी कम्पोनंट घेतला. दारातला स्पीकर नडगीच्या उंचीला असतो. बारीक, वरच्या पट्टीचा आवाज सरळ रेषेत जातो, तो पॅन्टच्या कापडात आणि सीटच्या कुशनमध्येच जिरतो. ट्वीटर वेगळा काढून आरशामागच्या तिकोनात बसवला की गायक पायाशी न बसता समोर काचेजवळ येऊन बसतो. मागच्या सीटला हाच हट्ट धरायची गरज नाही. सेट साडेपाच हजारांच्या आसपास पडला.

आता दाराकडे येतो. स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढच्याला येऊन मिळतो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून बाहेरच्या पत्र्याला आतून बुटाइल रबराच्या, वर अॅल्युमिनियम असलेल्या शीट चिकटवल्या आणि आतल्या पत्र्याची भोकंही त्यानेच बुजवली. काही दुकानांत डांबरी शीट स्वस्तात मिळते. ती घेऊ नका, उन्हात वास मारते आणि सुटते. चिकटवण्याआधी पत्रा थिनरने पुसायचा आणि रोलर दाबून फिरवायचा. आधी दारावर टिचकी मारली की टण्ण वाजायचं, आता ठप्प वाजतं. दार लावतानाचा आवाज बदलला तो बायकोच्या पहिल्यांदा लक्षात आला. तिला वाटलं, दार नीट लागलंच नाही.

स्पीकरखालची रिंग हा खास आपल्या गावचा फायदा. दुकानवाले एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, रिंग देतात. जूनपासून जो पाऊस लागतो त्यात ती पाणी पिऊन फुगते आणि स्क्रू ढिले पडतात. मी जुना स्पीकर नमुन्याला घेऊन उद्यमनगरात गेलो आणि लेथवाल्या मामांकडून काळ्या नायलॉनच्या दोन रिंगा काढून घेतल्या. त्यांनी व्हर्नियरने माप घेतलं आणि जाडी किती ठेवू म्हणून विचारलं. इथे घाई करू नका. काच पूर्ण खाली घ्यायची आणि काच ते पत्रा अंतर मोजायचं. रिंग पातळ झाली तर चुंबक काचेला लागतो, जाड झाली तर स्पीकर पॅनलच्या जाळीला टेकतो. आमच्या गाडीला जे माप बसलं ते तुमच्या गाडीला बसेलच असं नाही. रिंगांचे चारशे रुपये झाले आणि वर चहा त्यांनीच पाजला.

वायरिंगचं म्हणाल तर कंपनीची वायर तोडू दिली नाही, कपलर (जोडणीचा तयार प्लग) लावायला लावला. चिकटपट्टी उन्हात पाघळते, म्हणून जिथे जोड आला तिथे डाग देऊन वर स्लीव्ह. धन-ऋण तपासायला साधा दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेलचं धन टोक स्पीकरच्या धनाला लावलं की कोन बाहेर यायला हवा. एका बाजूचा उलटा जोडला गेला तर दोन्ही कोन विरुद्ध हलतात, बास गायब होतो आणि गळा नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

जुलैत मात्र त्रास झाला. काचेच्या पट्टीतून पाणी दारात उतरतच असतं, ते दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते. आतल्या पत्र्यावर त्यासाठी प्लॅस्टिकचा पडदाही असतो. बसवणाऱ्या दुकानातल्या कारागिराने डाव्या दाराचा पडदा फाडून तसाच कोंबला होता, वर पाणी जायचं एक भोक शीटखाली दाबून टाकलं होतं. राधानगरीहून पावसात आलो आणि वळणावर दारात पाणी डुचमळल्याचं ऐकू आलं. पॅनल उघडलं तर दोन इंच पाणी, स्पीकरच्या थोडं खाली. दुकानदाराने आधी "जुनी गाडी हाय, चालायचंच" म्हणून हात झटकले. मी फोटो दाखवल्यावर पडदा नवा लावून दिला, भोक मोकळं केलं. बसवताना समोर उभं राहून खालची सगळी भोकं मोकळी आहेत का, ते बघाच. आणि पॅनलच्या प्लॅस्टिक क्लिपा आधीच डझनभर आणून ठेवा. इतक्या जुन्या गाडीच्या क्लिपा काढताना तुटतात आणि मग महिनाभर दार किरकिरतं.

आवाजाबद्दल बोलायचं तर सुरुवातीला ट्वीटर जरा टोचायचा. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर आधी लपायची, ती स्पष्ट ऐकू यायला लागली. क्रॉसओव्हरवर (बारीक आणि जाड आवाज वेगळे करून देणारी डबी) ट्वीटर कमी करायची सोय होती, ती वापरली. डेकमध्ये 80 हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं. त्यामुळे बास घटला असं वाटेल, पण दारातला साडेसहा इंची कोन फुकट हापसायचा थांबला आणि गळा मोकळा झाला. टोमॅटो एफएमवरचे निवेदक पूर्वी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटायचे, ते आता माणसासारखे बोलतात. पुणे महामार्गावर, डायव्हर्जनच्या खडखडाटातही, आवाज पूर्वीइतका वाढवावा लागत नाही. आणि तंबोरा? पन्हाळ्याला जाताना आबा काही विचारत नाहीत, मांडीवर ताल धरतात. एवढं प्रमाणपत्र मला पुरे.

थोरल्या पोराचं समाधान झालेलं नाही. "पप्पा, ह्यात दम न्हाई." त्याचंही खरं आहे. ढोल-ताशाचा ठोका छातीवर यायचा तर दारातल्या स्पीकरच्या बस की बात नाही. डिकीत सबवूफरचा, म्हणजे खास बाससाठीच्या स्पीकरचा, डबा ठेवला तर गावाकडून येणारी तांदळाची पोती कुठे ठेवायची? ड्रायव्हरच्या सीटखाली बसणाऱ्या सबवूफरची चौकशी केली, पण त्याला बॅटरीपासून वेगळी वायर ओढावी लागते आणि खर्च स्पीकरच्या दुपटीवर जातो. मागचे जुने स्पीकर तसेच ठेवलेत, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) तीन घर पुढे घेतलाय. सबवूफरचा विषय त्याच्या बारावीचा निकाल लागेपर्यंत बंद.