साहसाच्या आणि जादूच्या कादंबऱ्या : मे महिन्यापासून वाचतेय, आता माझं मत

मी नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत साहसाच्या आणि जादूच्या कादंबऱ्या वाचायचा जो सपाटा लावला, तो दिवाळी संपली तरी चालूच आहे. काही पुस्तकं दोनदा वाचली, काही अर्ध्यावर सोडली. दुकानात पुस्तकाची मागची बाजू वाचून काही कळत नाही, सगळ्यांवरच 'थरारक' छापलेलं असतं. म्हणून वाचून काही आठवडे-महिने गेल्यावर डोक्यात काय उरलं, ते लिहितेय. माझी कसोटी एकच. गोष्टीतल्या मुलाने घेतलेला धोका खरा हवा. चुकलं तर काहीतरी कायमचं जायला हवं आणि ते जादूने परत मिळता कामा नये. मग गोष्टीत ड्रॅगन असो नाहीतर सायकल.

सुरुवात 'ट्रेझर आयलंड'पासून करते, कारण या कसोटीची जाणीव मला त्या पुस्तकाने करून दिली. १८८१च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याचा बारा-तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड एका बेटाचा नकाशा रंगवत बसले होते. आधी नकाशा झाला आणि त्यातून गोष्ट निघाली. पुस्तक आलं १८८३ साली. ते वाचताना हे जाणवतं. टेकडी कुठे, पाणी कुठे, किल्लेवजा लाकडी घर कुठे, सगळं ठरलेलं आहे, त्यामुळे गोष्टीतला मुलगा, जिम, पळतो तेव्हा तो कुठल्या बाजूला पळतोय हे आपल्याला माहीत असतं.

त्यातला सफरचंदांच्या पिंपाचा प्रसंग मी चार-पाच वेळा वाचला. जिमला सफरचंद हवं असतं, पिंप जवळजवळ रिकामं झालेलं असतं, म्हणून तो आतच उतरतो. तेवढ्यात जहाजावरचा स्वयंपाकी लाँग जॉन सिल्व्हर बाहेरून पिंपाला टेकून बसतो आणि एका तरुण खलाशाला बंडात ओढायला लागतो. त्यासाठी तो त्या खलाशाचं जे कौतुक करतो, ते अगदी त्याच शब्दांत त्याने आधी जिमचं केलेलं असतं! जिमला राग येतो तो आधी याचा, खुनाच्या बेताचा नंतर. मग सिल्व्हर त्या खलाशाला म्हणतो, मला एक सफरचंद काढून दे. जिमचे हातपाय गळतात. दुसरा कोणीतरी मध्येच रमचं नाव काढतो म्हणून तो वाचतो. एवढं सगळं एका पिंपात बसून घडतं, तलवारीला हातही लागत नाही. माझ्याकडे आधी जी संक्षिप्त आवृत्ती आली होती, तिच्यात हा प्रसंग एका परिच्छेदात उरकलाय आणि कौतुकाचा भाग गायबच आहे. मुलांना पुस्तक भेट देणाऱ्या सगळ्या काका-मावश्यांना माझी कळकळीची विनंती आहे, संक्षिप्त आवृत्ती देऊ नका. खलाशांची भाषा जड आहे हे खरं, पण तिसऱ्या प्रकरणापर्यंत ती अंगवळणी पडते.

एक तक्रार मात्र आहे. गोष्टीत बायका नकोत हा लॉइडचा हट्ट होता आणि स्टीव्हन्सनने तो पाळला. जिमची आई तेवढी सुरुवातीला दिसते आणि तीही मोठी खमकी आहे. पैशांची पेटी उघडून आपल्या हक्काचे तेवढेच मोजून घेते. अशी माणसं बेटावर हवी होती.

टोल्कीनच्या 'द हॉबिट'चीही एका मुलाशी गाठ आहे. १९३६ साली प्रकाशकांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अन्विनला वाचायला दिलं. एक शिलिंग घेऊन त्याने अभिप्राय लिहिला, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल. मला हे वयाचं गणित अजिबात पटत नाही. ट्रोल आणि कोळ्यांची प्रकरणं लहान मुलांना आवडतील, पण खरं पुस्तक त्याच्या पलीकडे आहे. अदृश्य झालेला नायक बिल्बो त्याच्या जिवावर उठलेल्या गॉलमला सहज मारू शकला असता, पण त्याला दया येते आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून पळतो. पुढे लढाई टळावी म्हणून तो आपल्याच सोबत्यांचं सगळ्यात मौल्यवान रत्न समोरच्या पक्षाला नेऊन देतो आणि परत त्याच सोबत्यांकडे येऊन उभा राहतो. आता सोबत्यांचा म्होरक्या थोरिन भडकणार हे माहीत असूनसुद्धा! या परत येण्याला मी ड्रॅगनच्या गुहेत शिरण्यापेक्षा जास्त गुण देईन. प्रत्यक्ष लढाईत तर तो डोक्यात दगड लागून बेशुद्धच पडतो.

'नार्निया'च्या पहिल्या पुस्तकावर माझा राग आहे आणि तो राहणार. कपाटातून पलीकडे पहिल्यांदा ल्यूसी जाते, खरं तीच बोलते, खोटी ठरतेही तीच. इतकी सुंदर सुरुवात! आणि शस्त्रं वाटायची वेळ येते तेव्हा तलवार तिच्या मोठ्या भावाला, पीटरला मिळते. ल्यूसीला औषधाची कुपी आणि एक छोटी कट्यार मिळते. वर तिला ऐकवलं जातं की बायका लढल्या की लढाया कुरूप होतात. १९५०चं पुस्तक आहे, काळ वेगळा होता, असं दादा म्हणतो. असेल. वाचणारी मी आजची आहे.

हॅरी पॉटर सगळ्यांनी वाचलाय, त्यामुळे थोडक्यात सांगते. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या भागातला बुद्धिबळाचा डाव सगळ्यात टिकला, कारण रॉन पुढचा मार्ग मोकळा करण्यासाठी स्वतःचा बळी देतो. पर्सी जॅक्सन झपाट्याने वाचून होतो आणि खूप हसवतो. लेखक रिक रायर्डनने ही गोष्ट आधी आपल्या मुलाला सांगितली होती. त्या मुलाला वाचताना अक्षरांचा त्रास व्हायचा, म्हणून पर्सीलाही होतो. ज्यांना वाचनाची भीती वाटते त्यांना मी हेच पुस्तक देईन. पण पुढे पुढे दर भागात भविष्यवाणी आणि ठरलेली मुदत येत राहते आणि तिथे माझा उत्साह ओसरतो. नशिबातच लिहिलं असेल तर त्या मुलाने ठरवलं काय?

म्हणूनच मी मध्ये फास्टर फेणेकडे वळले. आईने १९८७ची दूरदर्शन मालिका पाहिलेली आहे, तिच्यासाठी फेणे म्हणजे सुमीत राघवन. मी पुस्तकातून भेटले. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या या पोराला कोणीही निवडलेलं नसतं. त्याला काहीतरी खटकतं, तोंडातून 'ट्टॉक' निघतं आणि तो सायकलवर टांग मारतो. संकट तो स्वतःहून अंगावर घेतो आणि मला तेच हवं होतं. खलनायक कच्चे आहेत, योगायोग जरा जास्तच आहेत. पण भागवतांची वाक्यं धावतात, आणि प्रतापगड किंवा गुलमर्ग ही ठिकाणं नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. त्याच्या जोडीला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा वाचा, अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात. पुस्तकं बारकी आहेत, एका संध्याकाळीत होतात. गोष्ट त्याचा चुलतभाऊ तोपशे सांगतो, जो जवळपास आपल्याच वयाचा आहे, त्यामुळे फेलूदाला जे दिसतं ते त्याला आणि आपल्याला एकदमच उशिरा कळतं.

आता माझं सगळ्यात आवडतं, उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८चं. इंग्रजी संथ आहे, पहिली पन्नास पानं धीर धरावा लागतो. इथे जादू करायची तर त्या वस्तूचं खरं नाव माहीत असावं लागतं आणि प्रत्येक मंत्राने जगाचा तोल थोडा हलतो. म्हणून ओगिअन हा थोर जादूगार पावसात मुकाट भिजतो, ढग हटवत नाही. त्याचा शिष्य आणि गोष्टीचा नायक, आधी बकऱ्या राखणारा गेड, याला हे पटत नाही. पुढे जादूच्या विद्यालयात एका मुलाने डिवचलं म्हणून, निव्वळ गर्वापोटी, तो मेलेल्या व्यक्तीला बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली बाहेर येते. ती फट बुजवताना विद्यालयाचे वृद्ध प्रमुख आपली सगळी शक्ती घालवून बसतात आणि मरतात. गेडच्या चेहऱ्यावर कायमचा व्रण राहतो. कोणी त्याला 'जाऊ दे' म्हणत नाही आणि कोणी कालचक्र मागेही फिरवत नाही. उरलेलं पुस्तक म्हणजे त्या सावलीपासून पळणं आणि मग उलटं तिच्या मागे लागणं. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्या बेटांवरची बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत. तरी कित्येक वर्षं मुखपृष्ठांवर तो गोरा रंगवला गेला आणि लेखिकेने त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. बरोबरच केलं.

सध्या दुसरा भाग, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' वाचतेय. यात नायिका तेनार आहे. लहानपणीच घरातून उचलून तिला पुजारीण केलेलं असतं आणि तिला जमिनीखालच्या भुयारांत दिवा न लावता, हाताने भिंती चाचपत वाटा पाठ कराव्या लागतात. अर्धं पुस्तक झालंय. ल्यूसीला जे मिळालं नाही, ते इथे मिळेल असं वाटतंय, कारण आत शिरलेल्या चोराचं काय करायचं हे ठरवायची वेळ एकट्या तेनारवर आलीय. प्रत मावसबहिणीची आहे. माझं झालं की वर्गातल्या दोघींनी आधीच नंबर लावून ठेवलेत.