कन्व्हेन्शनसाठी घरचा शो: माणसं, बाहुल्या की जुन्या फितीवर नवा आवाज?

दहा बाय बाराची खोली, चार-पाच मित्र, हातात शनिवार-रविवार आणि खिशात पंधरा-वीस हजार. एवढ्यात फॅन कन्व्हेन्शनला (सिनेमा-मालिका-कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्याला) दाखवण्याजोगा दहा-बारा मिनिटांचा शो करायचा, तर मुंबईत तीन वाटा आहेत. पोशाख चढवून माणसांचं शूटिंग करा, टेबलावर बाहुल्या नाचवा, नाहीतर जुन्या मूकपटावर नवे संवाद चढवा. पहिलीच खेप असेल तर आमचं मत बाहुल्यांना. कारण कॅमेऱ्यापेक्षा खोली आणि हॉल यांच्यात दडलंय, म्हणून आधी हॉल.

गोरेगावचं नेस्को असो, बीकेसीचं जिओ वर्ल्ड असो किंवा एखाद्या कॉलेजचं सभागृह, पॅनेलसाठी दिलेल्या छोट्या खोल्यांची जमीन बहुतेक सपाट असते आणि खुर्च्या एका पातळीत मांडलेल्या. तिसऱ्या रांगेपासून पडद्याचा खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो. पलीकडे कॉस्प्लेची, म्हणजे पात्रांचे पोशाख करून आलेल्यांची, अनाउन्समेंट चालू असते, दार सारखं उघडतं, अर्ध्या खोलीत उजेड. अशा जागी लांबून घेतलेली मारामारी, अंधारातलं दृश्य आणि पुटपुटलेला संवाद हमखास वाया जातात. टिकतात त्या तीन गोष्टी: मोठे चेहरे, स्पष्ट बोलणं आणि वर ठेवलेली सबटायटल्स. तिन्ही वाटा याच मापाने मोजू.

माणसं आणि पोशाख

दिसायला सगळ्यात भारदस्त, आणि बिघडायलाही सगळ्यात सोपं. पोशाखाचं कापड मंगलदास मार्केटला मिळतं, चिलखताला फोम शीट लागते, ढाली-तलवारींना सनबोर्ड (हलका, कडक प्लास्टिकचा बोर्ड) आणि पुठ्ठा. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तो विचार सोडा. पण खरा खर्च कापडाचा नसतो. सहा जण, चार दिवस, माणशी दीडशेचा चहा-वडापाव-जेवण धरलं तरी ३,६०० रुपये नुसत्या पोटात गेले, रिक्षा-टॅक्सी वेगळी. त्यात एका मुख्य पात्राला ऑफिसने शनिवारी बोलावलं की बाकीचे पाच मेकअप करून बसलेले.

जागेचा प्रश्न त्याहून मोठा. रेल्वे प्लॅटफॉर्मवर रेल्वेची परवानगी लागते, नॅशनल पार्कात वनखात्याची. समुद्रकिनारी किंवा रस्त्यावर हातातल्या मोबाइलकडे कोणी बघत नाही, पण ट्रायपॉड उभा राहिला आणि सोबत चिलखतातला माणूस दिसला की पाच मिनिटांत विचारणा होते. सोसायटीची गच्ची बरी. सेक्रेटरींकडून आधी दोन ओळी लिहून घ्या आणि सकाळी सात ते नऊ एवढंच शूट करा. नऊनंतर ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मेकअप घामाबरोबर खाली. जून ते सप्टेंबर ही वाट बंदच समजा.

आवाजाचं तर विचारू नका. फोमचे तुकडे एकमेकांवर घासले की करकरतात आणि छातीवरचा माइक नेमका तेच पकडतो. माइक चिलखताच्या आत नको. कॉलरशी किंवा केसांत, कपाळाच्या रेषेवर लावा. एवढं करूनही लोकलचा भोंगा आणि कावळे येतातच. शेवटी बरेच संवाद पुन्हा डब करावे लागतात, आणि बोलणाऱ्या माणसाचे ओठ जुळवणं हे नवख्याचं काम नव्हे.

तरीही ही वाट कोणाची? ज्यांच्याकडे पोशाख आधीच तयार आहेत, त्यांची. मग कथा एका खोलीत, दोन पात्रांत बसवा. आणि हो, तेच पोशाख घालून कन्व्हेन्शनला जाणार असाल तर धातूचं पातं किंवा खरं वाटणारं शस्त्र दारावर अडवलं जाईल, म्हणून शूटिंगची प्रॉप्सही फोमचीच करा.

बाहुल्या

अर्धवटरावांना पाहिलेल्या घरांत बोलक्या बाहुल्या कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. इथे मात्र शब्दभ्रमाची गरज नाही, कारण बाहुली चालवणारा चौकटीखाली लपलेला असतो.

मोठा फायदा आवाजाचा आहे. सगळे संवाद आधी रेकॉर्ड करायचे, मग तो ट्रॅक स्पीकरवर वाजवत बाहुल्या त्यावर चालवायच्या. शूटिंगच्या वेळी शेजारी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी फरक पडत नाही. कॅमेऱ्यात येतो तो आवाज फक्त जुळवणीसाठी. एडिटिंगमध्ये दोन्ही आवाजांचे आलेख एकाखाली एक ठेवले की चित्र आपोआप जागेवर बसतं. शिवाय आवाज देणारे एकत्र यायची गरज नाही. एक ठाण्यात, एक पुण्यात असला तरी चालतं.

एका बाहुलीचं सामान असं: अर्धा इंच जाडीचा गादीचा फोम, अर्धा मीटर फ्लीस कापड, तोंडाच्या पट्टीसाठी तीन मिलिमीटरचा सनबोर्ड, डोळ्यांसाठी टेबल टेनिसचा एक बॉल अर्धा कापून, हातांसाठी छत्रीच्या दोन काड्या. फोम चिकटवायला फेव्हिकॉल एसआर ९९८ घ्या. दोन्ही कडांना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. ओलं असतानाच जोडलं तर सांधा सरकतो आणि डोकं तिरकं वाळतं. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. हॉट ग्लू इथे टाळलेला बरा. सांधा कडक होतो आणि तोंड उघडताना तिथेच सुरकुती पडते.

बुबुळं सगळ्यात शेवटी. बाहुली हातात घालून आरशासमोर धरा, काळ्या कागदाच्या चकत्या नुसत्या चिकटपट्टीने लावून बघा आणि दोन्ही नाकाकडे किंचित सरकवा. अगदी मध्यभागी लावली तर बाहुली कोणाकडेच बघत नाही, शून्यात हरवल्यासारखी दिसते. दोन-तीन मिलिमीटरने आत घेतली की ती एकदम समोरच्याला ओळखते.

तोंड चालवताना सगळ्यांची एकच चूक होते: वरची बोटं उचलली जातात आणि प्रत्येक शब्दाला बाहुली आकाशाकडे बघते. अंगठा खाली न्यायचा, बोटं जागेवर. ‘बाप रे’ म्हणताना तोंड दोनदा उघडेल, ‘बा’ला मोठं, ‘रे’ला कमी, आणि मधल्या ‘प’ला पूर्ण बंद. प, ब, म या अक्षरांना तोंड मिटलं की बाकीची जुळवणी थोडी ढिली असली तरी डोळा माफ करतो.

हात वर धरून माणूस दोन-तीन मिनिटांत थकतो. मग बाहुली हळूहळू खाली बुडायला लागते आणि ते पडद्यावर लगेच दिसतं. म्हणून वीस-तीस सेकंदांचे तुकडे घ्या. दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पडद्याचा दांडा, त्यावर गडद चादर, मागे चौरंगावर बसलेला चालवणारा. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि चालवणाऱ्याला दिसेल असा एक मोबाइल किंवा टीव्ही खाली जमिनीवर. त्यात आरशासारखं उलटं चित्र ठेवा, नाहीतर हात उजवीकडे नेला की बाहुली त्यात डावीकडे जाताना दिसेल.

खोलीचं गणितही इथेच जुळतं. मागचं दृश्य नंतर एडिटिंगमध्ये बदलायचं म्हणून हिरव्या कापडापुढे माणूस उभा करायचा तर अंगावर हिरवी झाक येऊ नये म्हणून सहा फूट अंतर हवं, पुढे कॅमेऱ्याला आठ. चौदा फूट झाले. तुमची खोली बाराला संपली. बाहुलीला तीन आणि चार, सात फुटांत काम. फक्त बाहुली हिरवी नको, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

जुन्या फितीवर नवा आवाज

सगळ्यात स्वस्त: एक माइक आणि दोन रात्री. पण आवडत्या मालिकेचे तुकडे उचलून त्यावर मराठी संवाद टाकणार असाल तर थांबा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका-समीक्षेला सवलत आहे, विडंबनाचं नाव तिथे वेगळं घेतलेलं नाही. यूट्यूबचं स्वयंचलित यंत्र तर कलम वाचत बसत नाही, सरळ व्हिडिओ अडवतं. आयोजकही अशी फाइल घ्यायला कचरतात.

त्यावर देशी तोडगा आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागलेला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ कधीच मोकळा झालाय आणि त्याच्या उरलेल्या भागाच्या प्रती इंटरनेटवर सापडतात. मूकपट असल्याने ओठ जुळवायची कटकट जवळपास नाही. दोन गोष्टी सांभाळा. त्या प्रतीवर कोणी नंतर संगीत चढवलं असेल तर ते नवं आहे, त्याचा हक्क वेगळा. ट्रॅक पूर्ण काढून टाका. आणि माणसं दुडुदुडु पळताना दिसली तर वेग ७० टक्क्यांच्या आसपास आणून बघा. मूकपट सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या हिशेबाने चालायचे, आपण ते पंचवीसने दाखवतो.

उणीव एकच, पण जड: चित्र धूसर, चेहरे लहान. हॉलच्या मापात इथे गुण कापले जातात. पाच मिनिटांपर्यंत हसू येतं, मग प्रेक्षक मोबाइल काढतो. पूर्ण शो म्हणून नको. बाहुल्यांच्या शोमध्ये मधला दीड-दोन मिनिटांचा तुकडा म्हणून झकास. दोन बाहुल्या बसून फाळक्यांचा सिनेमा बघतायत आणि टोमणे मारतायत, एवढं पुरे.

मोबाइल की जुना कॅमेरा

घरात बरा मोबाइल असेल तर तोच. आठ फुटांवरून त्याच्या मुख्य कॅमेऱ्यात नऊ-दहा फूट रुंदी मावते. सेकंडहँड कॅमेऱ्यासोबत लोक हौसेने ५० मिमीची लेन्स घेतात. छोट्या सेन्सरवर ती आठ फुटांवरून जेमतेम साडेतीन फूट दाखवते. बाहुल्यांच्या चार फुटांवरून तर दोन बाहुल्याही धड बसत नाहीत. कॅमेरा घ्यायचाच तर त्याच्यासोबत येणारी साधी १८-५५ मिमीची लेन्स ठेवा. आणि फोर्टात बघायला जाल तेव्हा बॉडीला माइकचं भोक आहे का ते आधी तपासा: कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० आणि सोनी ए६००० यांना ते नाहीच. कॅनन २००डी आणि ७००डीला आहे. बाहुल्यांच्या वाटेला मात्र या भोकाची गरज पडत नाही, तेवढे पैसे वाचले.

मोबाइलचे दोन रोग आहेत. पहिला, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे एलईडी ट्यूबखाली चित्रावर पट्टे सरकतात. मॅन्युअल अॅपमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. २५ मिळत नसेल तर ३० फ्रेमला १/१००. दुसरा, मोबाइल चौकटींचा वेग आपल्या मर्जीने कमी-जास्त करतो आणि दहाव्या मिनिटाला आवाज चित्राच्या पुढे निघून जातो. सगळ्या क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर (३० ने घेतल्या असतील तर ३० वर) काढून घ्या. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे, पण १६ जीबी रॅम नसेल तर ते रडतं; ८ जीबीच्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप टाकायच्या आधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट ठरवा, नंतर तो बदलता येत नाही.

उजेडाला लोहार चाळीतून २० वॅटच्या दोन एलईडी बॅटन आणा आणि पुढे बटर पेपर लावा. एवढं पुरतं.

पैसे घालायचेच तर आवाजात

वायरचा कॉलर माइक साधारण हजाराच्या आसपास मिळतो. बोया एम१ घेतलात तर त्यावरचं बटण मोबाइल आणि कॅमेरा असं दोन्हीकडे सरकतं. चुकीच्या बाजूला राहिलं की रेकॉर्डिंग कोरं. रात्री अकरानंतर, पंखा आणि फ्रिज बंद करून, उघड्या कपाटातल्या कपड्यांकडे तोंड करून बोला, पाठीमागे गोधडी टांगा. फ्रिजचं बटण परत लावायला विसरू नका. किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घर सोडताना आठवतंच.

अंतिम मिक्स मोनो करा, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज. हॉलमध्ये कधी एकच स्पीकर चालू असतो आणि तुमचा अर्धा संवाद दुसऱ्यात राहतो. संगीत संवादाखाली स्पष्ट दबलेलं ठेवा. फिल्मी गाणं नको. यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी किंवा मित्राची ढोलकी चालेल.

सबटायटल्स चित्रातच छापा आणि तळाला नव्हे, वरच्या बाजूला. देवनागरीसाठी मुक्त फॉन्ट हवा तर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्ता’ आहे. एडिटरमध्ये आधी ‘स्त्री’, ‘द्वंद्व’, ‘किर्र’ टाइप करून बघा. जोडाक्षर फुटलं किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर गेली, तर ओळी पारदर्शक पीएनजी चित्रं करून टाका.

फाइल एच.२६४, १०८०पी, २० एमबीपीएसच्या आसपास. बारा मिनिटांचा शो १.८ जीबी होतो, ते बरंच आहे: जुन्या टीव्ही-प्रोजेक्टरना एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. सुरुवातीला पाच सेकंद आणि शेवटी दहा सेकंद काळं ठेवा, नाहीतर टाळ्यांच्या ऐवजी कोणाच्या तरी डेस्कटॉपवरचे फोटो पडद्यावर येतात. दोन पेन ड्राइव्ह, तिसरी प्रत मोबाइलमध्ये, आणि स्वतःची एचडीएमआय केबल, किमान पाच मीटरची.

स्टेज नाही, नुसता स्टॉल मिळाला तर हाच शो तसाच लावू नका. तिथे लोक मिनिटभर थांबतात आणि आवाज ऐकूच येत नाही. दोन मिनिटांचे तीन तुकडे काढा, सबटायटल्स दुप्पट मोठी करा, एकामागून एक फिरत ठेवा आणि बाहुली स्टॉलवर हातात घालून उभे राहा.