तबल्याचा क्लास, डोंबिवली ईस्ट: पहिल्या तासातच मुलगा रमला, त्याचं श्रेय सरांना

मुलांना तबला लावायचाय, क्लास कुठला चांगला असं ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतं आणि उत्तरं येतात ती फी किती, स्टेशनपासून किती लांब, परीक्षेला बसवतात का एवढीच, म्हणून म्हटलं नीट सविस्तर लिहूया. थोडं मोठं होईल. माझं म्हणणं असं की बाकी सगळं नंतर बघा, आधी पहिल्या तासाला जाऊन बसा आणि सर नवीन मुलांशी कसे वागतात ते बघा. आम्ही दोन क्लास बघितले आणि दोन्हीकडचा पहिला तास मला अजून लख्ख आठवतोय.

मुलगा आठ वर्षांचा आहे. झाकीरभाईंचे व्हिडिओ घरात कायम चालू असतात, 2024 च्या फेब्रुवारीत त्यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले तेव्हा आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले तेव्हा तर दिवसभर तेच. पोरगा डब्यावर, टेबलावर, माझ्या पाठीवर सगळीकडे वाजवत सुटलेला. आणि तो डावखुरा आहे, हे पुढे महत्त्वाचं आहे.

आधी एका दुसऱ्या क्लासला डेमोला गेलो, नाव लिहीत नाही. तिथले सर वाजवतात छान, हात खरंच तयार आहे, पण तासातला बराचसा वेळ ते स्वतःच वाजवत होते. कायदा, रेला, चक्रदार असे तबल्यातले अवघड प्रकार एकामागून एक झाले, पालकांनी टाळ्या वाजवल्या, मुलं आ वासून बघत बसली. शेवटच्या काही मिनिटांत मुलांना तबल्यासमोर बसवलं. माझ्याने डावा हात पुढे केला तर लगेच, तो हात नाही, उजवा. परत डावा गेला, परत तेच, आता जरा आवाज चढवून. घरी येताना रिक्षात पोरगा म्हणाला, आई मला नाही जमणार तबला. ज्या मुलाचे हात एक मिनिट शांत नसतात त्याने पहिल्याच दिवशी हे म्हणावं! सर किती भारी आहेत हे सगळ्यांना कळलं पण मुलाला काय येईल हे कोणालाच कळलं नाही, त्यालाही नाही.

मग काही दिवसांनी मैत्रिणीने या क्लासचं सांगितलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद. खोली छोटी पण स्वच्छ, सतरंजी अंथरलेली, तबल्याच्या जोड्या चुंबळीवर मांडून ठेवलेल्या. सर दारातच उभे होते आणि मुलं चपला काढत होती तिकडे बघत होते. मला वाटलं सहज उभे असतील. माझ्या मुलाने सँडलचा बेल्ट सोडवला तसे ते खाली वाकून त्याला म्हणाले, काय रे, लिहितोस पण याच हाताने का? तो हो म्हणाला. बरं झालं सांगितलंस, म्हणाले आणि आत जाऊन एका जोडीची मांडणी उलटी केली, डग्गा (जोडीतला घुमणारा मोठा) उजवीकडे, तबला डावीकडे. बाकी कुणाला काही बोलले नाहीत. मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, ताई, काही महिने दोन्ही बाजूंनी वाजवू दे, "ना" हा पहिला बोल कुठल्या हाताला सोपा जातो ते तो स्वतःच सांगेल, डावखुरे वादक असतात, काळजी करू नका. मी अजून दाराबाहेरच उभी होते!

क्लास सुरू झाला तर पहिला बराच वेळ तबल्याला कोणी हातच लावला नाही. सगळे गोल बसले आणि सरांनी विचारलं, ट्रेनने ठाण्याला जाताना स्टेशनं कुठली लागतात? मुलं एकदम ओरडली, हे तर डोंबिवलीतल्या पोरांना झोपेत येतं. मग प्रत्येक स्टेशनला चार मात्रा, म्हणजे चार सारखे ठोके. डों-बि-व-ली बरोब्बर चार, को-पर म्हणून उरलेल्या दोन मात्रा गप्प बसायचं, मग दिवा, मग मुंब्रा. डोंबिवलीला टाळी, कोपरला टाळी, दिव्याला हात नुसता बाजूला न्यायचा, वाजवायचा नाही, मुंब्र्याला टाळी आणि परत डोंबिवली. चार-पाच वेळा फिरवल्यावर सर म्हणाले, झाला तुमचा तीनताल, सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, आणि जिथे परत येऊन पोचतो ती सम. एक मुलगी म्हणाली सर फास्ट लोकल कोपरला थांबत नाही. त्यावर तिला गप्प केलं नाही, म्हणाले शाब्बास, फास्टसुद्धा शिकायची आहे आपल्याला, पण आधी स्लोने सगळी स्टेशनं पाठ करू. ती मुलगी नंतर तास संपेपर्यंत सगळ्यात पुढे.

मग तबला. पहिल्या दिवशी फक्त एकच अक्षर, ना. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकवून ठेवायची आणि पहिल्या बोटाने चाटेवर, म्हणजे अगदी बाहेरच्या काठावर, वाजवायचं. ऐकायला सोपं वाटतं पण लहान मुलांची अनामिका टिकतच नाही, पहिलं बोट खाली आलं की ती वर उचलली जाते आणि मग आवाज बद्द येतो, खणखणीत ना निघत नाही. सर एकेका मुलाजवळ जाऊन बसले, हात धरून वाजवला नाही कोणाचा, फक्त ती अनामिका आपल्या बोटाने हलकेच दाबून धरायचे आणि म्हणायचे आता वाजव. ना वाजला की पुढच्याकडे. माझ्याचा डाव्या हाताने आला, सात-आठदा फसला आणि मग एकदम स्वच्छ. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, तो चेहरा बघून मी तिथेच ठरवलं की क्लास हाच.

आमच्या बॅचला एक रिटायर्ड काकाही आहेत, लहानपणापासूनची इच्छा राहून गेलेली. त्यांना मांडी घालून बसता येत नाही हे बहुतेक फोनवर बोलणं झालं असणार, कारण ते यायच्या आधीच कोपऱ्यात खुर्ची आणि समोर बुटकं टेबल लावून ठेवलेलं होतं आणि त्यावर जोडी. मुलांसमोर त्याची चर्चा नाही, की काका तुमचे गुडघे वगैरे नाही. त्यांचा ना बद्द आला तर त्यांनाही मुलांसारखंच परत वाजवायला लावलं. काका, तुम्हाला घाई नाही, पण सूटही नाही, असं म्हणाले तेव्हा काका खुलले बघा, त्यांना लाडावून घ्यायचं नव्हतंच, शिकायचं होतं.

सर स्वतः वाजवायला बसले ते अगदी शेवटी आणि तेही नुसता तीनतालाचा ठेका (तालाचे ठरलेले बोल), संथ. मुलांना सांगितलं डोळे मिटा, डग्ग्याचा घुमारा गायब झाला की हात वर करा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, मग धा तिं तिं ता सुरू झालं की तिं तिं ता ता एवढ्या वेळात डग्गा बंद असतो आणि धिं आला की परत घुमतो. दुसऱ्या आवर्तनात अर्धी मुलं, चौथ्याला जवळपास सगळी हात वर करत होती. मी इतकी वर्षं तबला ऐकतेय, गणपतीत, भजनात, नाटकात, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, आता गाणं लागलं की मी पण तेच शोधत बसते.

पालकांशीही नंतर बोलले. एका आईने विचारलं भजनाला वाजवता येईल ना की फक्त क्लासिकलच, तर म्हणाले थिरकवाँ खाँसाहेबांएवढा मोठा तबलजी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ करायचा, साथ ही कमी दर्जाची गोष्ट नाही, पण आधी हात बसू द्या. दुसऱ्याने प्रारंभिकला कधी बसवणार विचारलं (गांधर्व महाविद्यालय मंडळाची पहिली परीक्षा), त्यालाही तारीख दिली नाही. हाताला वळण लागलं की मीच फॉर्म भरायला सांगेन, म्हणाले. तबला लगेच विकत घेऊ नका, क्लासमधल्या जोडीवर होऊ दे, घ्यायची वेळ आली की मी बरोबर येतो, पुडी (वरचं कातडं) आणि लाकूड बघून घेऊ. आणि घरी रोज पंधरा मिनिटं बोल म्हणायचे आणि टाळी द्यायची, पण हात आई-बाबांनी सुधारायचा नाही. हे शेवटचं फार आवडलं, कारण घरी चूक काढायचा मोह मला फार होतो आणि आता सरळ कारण मिळालं गप्प बसायला.

आता पावसाळा संपत आला, ना तिं घे धा सगळं झालं, केहरवा हा आठ मात्रांचा ताल चालू आहे, धा गे ना ति न क धिं न, आणि माझा डाव्यानेच वाजवतो, त्याने स्वतः सांगितलं. सर पहिल्या दिवशी होते तसेच अजून आहेत, ते फक्त नव्या ॲडमिशनसाठी नव्हतं एवढं मी खात्रीने सांगते. एक दिवस एक नवीन मुलगा आला तर सर परत दारात उभे, परत चपलांकडे बघत.

ज्या गोष्टी खटकतात त्या पण लिहिते. जोड्या कमी आहेत, बॅच भरली की दोन मुलांत एक जोडी येते आणि आळीपाळीने वाजवावं लागतं, फी घेताय तर अजून दोन जोड्या घ्याच, सरांना तोंडावर पण बोललेय. बाजूच्या हॉलमध्ये डान्स क्लास असतो, त्यांचा स्पीकर सुरू झाला की ना कसला आला ते कळत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर उत्तर दोन दिवसांनी, फोनच करा. आणि तो जिना, काका प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत येतात, पावसात तर फारच निसरडा होतो, बिल्डिंगवाल्यांनी निदान कठड्याचं तरी बघायला हवं.

आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, महिन्याला 1200. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा जोड्यांसाठी कापला. शनिवार सकाळची बॅच भरलीय असं ऐकलं, मोठ्यांसाठी रात्री साडेआठची आहे. डेमोला जाताना मुलाला घेऊन दहा मिनिटं आधीच जा, तो डावखुरा असेल, लाजरा असेल, मांडी घालून बसायला त्रास होत असेल तर फोनवरच सांगून ठेवा, तुम्ही पोचेपर्यंत सरांनी तशी तयारी केलेली असेल.